सात थरांखालची चीर

खूप मागची गोष्ट आहे. किती मागची ते मला विचारू नका, कारण ज्याने मला सांगितली त्यालाही ते ठाऊक नव्हतं. एका डोंगरी राज्यात एक रसशाळा होती. रसशाळा म्हणजे जिथे औषधं कुटतात, आटवतात, भाजतात आणि कधीमधी करपवतातही, ती जागा. तिथे एक म्हातारे वैद्यबुवा मुख्य होते. मोठे जाणते, हाताला यश असलेले आणि फार फार दमलेले.

कशाने दमलेले म्हणाल, तर बाटल्यांनी.

हसू नका. त्या राज्यातलं सगळ्यात गुणकारी औषध काचेच्या बाटलीत तयार होत असे. ते मडक्यात होत नसे आणि तांब्याच्या भांड्यातही होत नसे. आता काच आणि विस्तव यांचं कधी जमलंय? म्हणून जुन्या लोकांनी एक रीत घालून दिली होती. बाटलीवर मातीत भिजवलेल्या फडक्याचे सात थर चढवायचे. एक थर उन्हात खडखडीत वाळला की मगच पुढचा. मग ती बाटली वाळूने भरलेल्या मोठ्या मडक्यात मानेपर्यंत पुरायची आणि मडक्याखाली विस्तव घालायचा. आधी मंद, मग मध्यम, मग तेज. वाळू हळूहळू तापते, बाटलीला चहूकडून सारखी ऊब देते, आणि थर तिला अंगरख्यासारखे धरून ठेवतात. विस्तव विझला तरी लगेच हात लावायचा नाही. सगळं आपणहून निवेपर्यंत गप्प बसायचं.

एवढं सांभाळलं तरी काच ती काचच. कधी मडक्यातून ‘फट्’ असा आवाज येई, वाळू उसळे, आणि कितीतरी दिवसांची मेहनत तिच्यात मिसळून जाई.

बाटल्या यायच्या दूर घाटाखालून, गाढवांच्या पाठीवर, पेंढ्यात गुंडाळून. रसशाळेत आल्यावर त्यांना धुवावं लागे, पुसावं लागे, फळीवर चढवावं लागे. माणसांचेच हात ते, कधी धक्का लागे. ज्याच्या हातून लागे तो धावत येऊन सांगे, “बुवा, चीर गेली हो एकीला.”

वैद्यबुवा म्हणत, “गेली? बरं. ठेव बाजूला.” पण मनातून चिडत. पुन्हा घाटाखाली निरोप धाडायचा, पुन्हा गाढवांची वाट बघायची. असं वर्षानुवर्षं चाललं. आणि एके दिवशी सकाळीच लागोपाठ तीन जण तेच सांगत आले, तेव्हा त्यांचा तोल गेला.

“आजपासून नेम सांगतो,” ते ओरडले. “ज्याच्या हातून बाटलीला चीर जाईल, त्यानं फुटक्या बाटलीचं तोंड सुतळीत ओवून दिवसभर गळ्यात घालायचं. बाजारात जायचं झालं तरी तसंच जायचं!”

पहिली पाळी आली म्हाळोजीवर. म्हाळोजी भट्टी सांभाळायचा. पिकल्या मिशांचा, चारचौघांत मान असलेला माणूस. नेमके त्याच दिवशी त्याच्या लेकीचे सासरे गावात आले होते. त्यांच्यासमोर तो ते काचेचं लोढणं गळ्यात घालून उभा राहिला. त्यानंतर रसशाळेत कामाव्यतिरिक्त एक शब्द त्याने तोंडातून काढला नाही. दुसरी पाळी गोदाक्काची. ती फडक्यांना माती फासण्याचं काम करी. ती दिवसभर पदर गळ्याशी ओढून रडत राहिली.

आणि काय चमत्कार! तिच्यानंतर रसशाळेतल्या एकाही बाटलीला चीर गेली नाही.

वैद्यबुवा खूश. “बघितलंत?” ते घरी बायकोला म्हणाले, “धाक हवा. धाकाशिवाय काही चालत नाही जगात.” पूर्वी ते प्रत्येक बाटली नखाने टिचकी मारून पाहत, उन्हाकडे धरून निरखत. आता ते त्यांनी सोडून दिलं. चीर गेलेली बाटलीच नाही, तर बघायचं कशाला? तेवढाच जिवाला विसावा.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येईना. फळीवर बाटल्या चिरत नव्हत्या खऱ्या, पण भट्टीत फुटायला लागल्या होत्या. पूर्वी कधीतरी एखादी फुटायची, आता जेमतेम एखादी वाचायची. वैद्यबुवांनी माती बदलली. फडकी बदलली. नदीची वाळू टाकून ओढ्याची आणली. बाभळीची लाकडं आणली, ती पटली नाहीत म्हणून खैराची आणली. शेवटी तर जोशीबुवांना विचारून मुहूर्त काढला. मुहूर्तावर घातलेली बाटली सगळ्यांत आधी फुटली.

ते भट्टीपुढे बसून राहत आणि पुन्हा तोच आवाज येई. आताशा त्यांना राग येत नसे. राग यायलाही अंगात बळ लागतं. ते नुसते उठत, धोतर झटकत आणि घरी जात.

घरी चिमाबाई होती, त्यांची बायको. तिला दम्याने धरलं होतं. आधी विहिरीची पायरी चढताना धाप लागायची, मग ओसरी झाडतानाही लागायला लागली, आणि आता तर ती भिंतीला उशी लावून बसूनच असे. बोलताना मध्येच थांबून श्वास गोळा करी. तिच्यावर उपाय एकच होता, तेच बाटलीतलं औषध. आणि ते ज्या तांबड्या खड्यापासून करत तो खडा उंच कड्यावरून येई, उन्हाळ्यात वाट कोरडी असली तरच. रसशाळेतला साठा भट्ट्यांनी खाल्ला होता. शिल्लक उरला होता जेमतेम एका बाटलीपुरता.

वैद्यबुवांनी सगळ्यांना बजावलं, “ही बाटली मी करणार. धुण्यापासून विस्तवापर्यंत. कुणी हात लावायचा नाही.”

त्यांनी स्वतः फळीवरून बाटली काढली. स्वतः अंगणातल्या हौदावर नेली. चिमाबाईच्या खोकल्यापायी डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, पाय जड झाले होते. हौदाच्या दगडी काठावर ते वाकले आणि ‘टिक्’ झालं.

अगदी बारीक आवाज. चिमणीने दाणा टिपावा तेवढा. त्यांनी बाटली उन्हात फिरवली. बुडाजवळ केसाएवढी रेघ चमकली. जरा तिरकी धरली की दिसेनाशी होई, सरळ धरली की पुन्हा दिसे.

वैद्यबुवांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हाळोजी लाकडं फोडत होता. गोदाक्का पाठमोरी बसून माती मळत होती. कुणी पाहिलं नव्हतं.

फळीवर आणखी बाटल्या होत्या, नाही असं नाही. पण दुसरी घ्यायची तर पहिलीचं काय झालं ते सांगायला हवं. आणि सांगितलं की सुतळी आलीच. राज्याचे वैद्यबुवा, पांढरी दाढी, आणि गळ्यात फुटक्या बाटलीचं तोंड! पोरंटोरं मागे लागतील. म्हाळोजी बघेल. तो काही बोलणार नाही, नुसता बघेल.

‘एवढीशी तर रेघ आहे,’ त्यांनी मनाची समजूत घातली. ‘सात थर बसले की कुठे कळणार? माती धरून ठेवेल तिला.’

आणि त्यांचा हात ओल्या फडक्याकडे गेला. किती सहज गेला तो हात! याचं नवल त्यांना पुढे आयुष्यभर वाटत राहिलं.

पहिला थर चढला. रेघ झाकली गेली. बाटली उन्हात ठेवून ते शेजारी बसून राहिले. सांगावंसं वाटत होतं, अजून काही बिघडलं नव्हतं. पण दुसऱ्या थरानंतर वाटलं, आता सांगितलं तर पहिल्या वेळी का नाही सांगितलं असं विचारतील. तिसऱ्यानंतर तर तोंडच उघडेना. थर जाड होत गेला तसतसे वैद्यबुवा बारीक होत गेले. जेवण जाईना. कुणी हाक मारली की दचकत.

एकदा गोदाक्का जवळ आली. “बुवा, हात कापत्यात तुमचं. म्या लावू का थर?”

“नको,” ते तुटकपणे म्हणाले आणि बाटली अंगाआड घेतली.

गोदाक्काने बाटलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून परत गेली.

सातवा थर उन्हात टाकून ते घरी आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. चिमाबाई उशीला टेकून बसली होती. तिच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता.

“झाली का... तयारी?” तिने विचारलं.

“सातवा थर वाळतोय.”

“आणि बाटली?”

“सात थर आहेत गं. चांगले जाड आहेत.”

“मी थरांचं नाही विचारलं,” ती म्हणाली. श्वास घेण्यासाठी थांबली. “बाटली चांगली आहे ना?”

इतकी वर्षं एकत्र काढलेल्या माणसाशी खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि ती त्यांच्यात उरली नव्हती. ते तिच्या पायाशी मटकन बसले.

“चीर आहे,” ते म्हणाले.

“कधी कळलं?”

“पहिल्या थराच्या आधीच. माझ्याच हातून धक्का लागला.”

“मग सांगितलं का नाहीत?”

वैद्यबुवा खाली बघत, शाळेतल्या पोरासारखं पुटपुटले, “गळ्यात घालावं लागलं असतं.”

चिमाबाई हसली. हसता हसता तिला ठसका लागला, आणि ठसका ओसरायला बराच वेळ गेला. वैद्यबुवा तिची पाठ चोळत राहिले. त्या पाठीचं एकेक हाड हाताला लागत होतं.

“अहो,” ती अखेर म्हणाली, “माझ्या श्वासाहून... तुमची लाज मोठी झाली होय?” मग त्यांचा पडलेला चेहरा बघून तिने त्यांचा हात धरला. “रागवत नाही मी. रागवायला दम कुठाय? पण एक सांगा. बायकोचा जीव टांगलेला असून तुम्हाला सांगवलं नाही. मग ज्यांचं कुणीच आजारी नव्हतं, ते कशाला सांगत बसतील?”

फळीवर न चिरणाऱ्या बाटल्या आणि भट्टीत फुटणाऱ्या बाटल्या, दोन्ही वैद्यबुवांना एकदम दिसल्या, आणि त्या एकच होत्या. माती वाईट नव्हती, वाळू वाईट नव्हती, खैर आणि बाभूळ दोन्ही निर्दोष होते. बाटल्या पूर्वीसारख्याच चिरत होत्या. फरक एवढाच, की आता त्या थरांखाली चिरलेल्या होत्या, आणि ते थर त्यांनीच चढवायला लावले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. सुरीने बाटलीवरचे थर खरवडून काढले. काच उघडी पडली. केसाएवढी रेघ आता अर्ध्या बाटलीपर्यंत चढली होती. ओल्या मातीच्या ओढीने ती आतल्या आत वाढत गेली होती.

“ही माझ्या हातून गेली,” वैद्यबुवा म्हणाले. “आणि ही मीच झाकली.” त्यांनी सुतळी घेतली, बाटलीचं तोंड मोडून तिच्यात ओवलं आणि गळ्यात घातलं. “आता तुमच्यापैकी कुणाच्या थरांखाली चीर असेल तर सांगा. यापुढे शिक्षा नाही कुणाला.”

सगळे जमिनीकडे बघत उभे राहिले. असंच असतं बघा. धाक घालायला एक ओरडा पुरतो, पण तो काढायला तेवढ्याने भागत नाही.

वैद्यबुवांना ते कळलं. समजूत घालण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. ते हौदाच्या काठावर बसले. “नाही बोलणार तुम्ही. कसे बोलाल? तुमच्या जागी मी असतो तर मीही नसतो बोललो,” ते म्हणाले आणि तसेच उन्हात बसून राहिले.

बऱ्याच वेळाने म्हाळोजी आत गेला आणि सातही थर चढवलेली एक बाटली घेऊन आला. त्याने ती त्यांच्या पायाशी ठेवली.

“ही घेऊ नगा, बुवा,” तो म्हणाला. “बुडाला गेलीय.”

मग गोदाक्काने दोन आणल्या. “ह्या बी नगं. परवा तुमी बाटली अंगाआड धरली ना, तवाच वळखलं म्या. आमी बी तशीच धरतो.”

मग एकेक जण आत जाऊ लागला. थर चढवून तयार ठेवलेल्या बाटल्यांतली एकही धड निघाली नाही. फळीवरच्या उघड्या बाटल्या वैद्यबुवांनी कितीतरी दिवसांनी पुन्हा हातात घेतल्या. नखाने टिचकी मारली की चांगली बाटली खणकन बोलते, चिरलेली बद्द वाजते. बद्द, बद्द, बद्द. शेवटी कोपऱ्यातली एक वाकड्या मानेची लहानशी बाटली तेवढी खणकन बोलली. ती उन्हाकडे धरून सगळ्यांनी आळीपाळीने निरखली. मग सुतळी आणि ते लोढणं म्हाळोजीनेच वैद्यबुवांच्या गळ्यातून काढून भट्टीत टाकलं.

पुन्हा पहिला थर. पण आता आभाळ भरून आलं होतं आणि थर वाळेना. घरी चिमाबाईचं बोलणं बंद झालं होतं, ती नुसती हाताने खुणा करी. वैद्यबुवा कासावीस होत. एकदा न राहवून म्हणाले, “म्हाळोजी, शेकोटीवर धरू का रे हिला? लवकर वाळेल.”

म्हाळोजीने मान हलवली. “वला थर इस्तवावर गेला तर आत वाफ कोंडती, बुवा. तुमीच शिकवलंय न्हवं?” मग कितीतरी दिवसांनी कामाबाहेरचं बोलला, “वैनीसाठी जीव माजा बी तुटतोय. पर थांबू या.”

ते थांबले. थर आपल्या गतीने वाळले. उरलेल्या तांबड्या खड्याची पूड भरून बाटली वाळूत गेली. मंद विस्तव, मग मध्यम, मग तेज. सगळी रसशाळा भट्टीभोवती बसली होती आणि कुणी खोकतही नव्हतं. त्या आवाजाची वाट बघून बघून वैद्यबुवांचे कान दुखायला लागले. तो आवाज आला नाही. विस्तव विझला, तेव्हा सगळ्यांत अवघड काम उरलं, नुसतं बसून राहण्याचं. वाळूवर हात धरला तर अजून गरम. पुन्हा धरला तर अजून कोमट. एकाचाही हात त्या बाटलीला लागला नाही.

निवल्यावर थर खरवडले, बाटलीच्या कमरेला तुपात भिजवलेला दोरा बांधून पेटवला आणि वरून ओलं फडकं फिरवलं. बाटली सरळ रेषेत दुभंगली. औषध काढायची तीच रीत आहे. इतकी जपून राखलेली काच शेवटी आपणच फोडायची. दुसऱ्या एखाद्या दिवशी वैद्यबुवांना याचं हसू आलं असतं. मानेपाशी आतून तांबडं, चमकदार औषध धरलं होतं. ते घेऊन ते घराकडे जवळजवळ धावतच गेले.

चिमाबाई वाचली. श्वास जागेवर आला, शिट्टी थांबली, पुन्हा बोलू लागली. पण विहिरीची पायरी ती परत कधी चढली नाही. जे दिवस त्या खोट्या थरांत गेले ते तिच्या छातीतून गेले होते, आणि ते परत आणणारं औषध कुठल्याच बाटलीत होत नाही. ती अंगणात सावलीला बसून असे. तिने याबद्दल नवऱ्याला कधी बोल लावला नाही, आणि त्यांना तेच जास्त लागत असे.

पुढे रसशाळेत बाटल्या चिरतच राहिल्या. काच आहे, चिरणारच. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी भीत भीत दारात उभं राही. “बुवा, धक्का लागला. एकीला चीर गेली.”

वैद्यबुवा काही एकदम संत झाले नव्हते. त्यांना अजूनही आतून चीड येई, पुन्हा गाढवांची वाट बघायची या विचारानेच खांदे दुखत. ते डोळे मिटत, एक लांब श्वास सोडत, आणि म्हणत, “बरं झालं सांगितलंस, बाबा. ठेव बाजूला. दुसरी घे.”

भट्टीतला तो आवाज मात्र त्यानंतर क्वचितच कुणी ऐकला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात धरा: चूक सांगणाऱ्याला शिक्षा केली की चुका थांबत नाहीत, त्या झाकल्या जातात, आणि झाकलेली चीर नेमकी विस्तवावरच फुटते.